शोभेचा फाँट वापरावा कुठं? (सप्ताहाच्या पत्रिकेचा घोळ आणि गळ्यात पडलेली कमान)

बोरूबहाद्दर

मंडळी, राम कृष्ण हरी.

आधी गुन्हा कबूल करतो, मग प्रश्न विचारतो.

आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात. दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. यंदा पत्रिकेचं काम माझ्याकडं आलं, कारण 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतंय'. गावात एवढी पात्रता पुरते.

त्याच सुमारास मला जैनी नावाचा फाँट सापडला होता. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँट करणाऱ्या मंडळींनी केलेला, गूगल फाँट्सवर फुकट मिळतो. कल्पसूत्र ह्या जैन ग्रंथाच्या १५०३ सालच्या हस्तलिखितातल्या अक्षरांवरून बेतलाय. 'अखंड हरिनाम सप्ताह' एवढे तीन शब्द त्यात टाइप केले आणि खुर्चीत मागं टेकलो. काळीभोर, ठसठशीत, चौकोनी अंगाची अक्षरं. बोरू शाईत बुडवून कुणी जोर लावून ओढलीत असं वाटावं. मग हात आवरला नाही. काकडा, पारायण, गाथाभजन, हरिपाठ, कीर्तनकारांची नावं, अन्नदात्यांची यादी, पार 'विनीत : समस्त गावकरी मंडळी'पर्यंत सगळी पत्रिका त्याच फाँटमध्ये केली. मरून कार्डावर सोनेरी शाई ही छापणाऱ्याची भर. नाव घेत नाही, गावात राहायचंय.

पत्रिका छापून आली. आत्यानं ती हातभर लांब धरली, मग नाकाजवळ आणली, मग उलटी करून मागची बाजू बघितली. म्हणाली, "पोथी झक्कास हाय रे. पन जेवन कवा हाय ते कुठं लिवलंय?"

इथवर हसून सोडलं असतं. पण काल्याचं कीर्तन ९ वाजता होतं. बारीक अक्षरात ९ चं पोट शाईनं भरलं आणि त्याचा १ झाला. 'सकाळी' हा शब्द जागा पुरेना म्हणून मीच काढला होता. शेजारच्या वाडीचं भजनी मंडळ दुपारी एक वाजता टाळ-पखवाजासकट हजर. काला वाटून झालेला, मांडववाला दोऱ्या सोडत होता. त्यांना वेगळी पंगत बसवली, पण त्यांच्या विणेकरीबाबांनी जाताना माझ्याकडं जे बघितलं ते अजून विसरलो नाही.

आता अजून दोन कामं अंगावर आहेत. गावाच्या नव्या कमानीवर स्टीलची अक्षरं बसवायचीत. पुढच्या वर्षी सप्ताहाला पन्नास वर्षं होतात, त्याची स्मरणिका काढायचीय. जैनी सोडवत नाही आणि पुन्हा तोंडघशी पडायचं नाही. असले शोभेचे, सुलेखनाच्या वळणाचे फाँट नेमके कुठं चालतात आणि कुठं नाही? ज्यांनी हात पोळून घेतलेत त्यांनी सांगा.

तिरकस

पहिला मीच. गुन्हा फाँटचा नाही, सोनेरी शाईचा आणि तुमचा. फाँटला जामीन मंजूर.

बाकी एक शंका. हरिनाम सप्ताहाला जैन पोथीचं अक्षर? गावात कुणी विचारलं नाही?

बोरूबहाद्दर

नाही विचारलं. अक्षर नागरीच आहे हो. लेखकू कुठल्या ग्रंथाची नक्कल करतोय ह्यावरून त्याच्या काना-मात्रेचा धर्म ठरतो का? आणि आपल्या वेरूळला ३४ लेण्यांत बौद्ध, हिंदू, जैन एकाच डोंगरात शेजारी नांदतात. पत्रिकेच्या कागदावर काय अडचण आहे?

कंट्रोल_झेड

दादा, मी लातूरला डीटीपी करते, वीस वर्षं होत आली. लग्नाच्या पत्रिका, सप्ताहाच्या पत्रिका, वास्तुशांती, दहाव्याच्या नोटिसा सगळं. सविस्तर लिहिते.

पत्रिकेत दोन जातीचा मजकूर असतो. एक लोक बघतात आणि एक शोधतात. 'अखंड हरिनाम सप्ताह', 'शुभविवाह', 'श्री गणेशाय नमः' हे कुणी अक्षर लावून वाचत नाही. आकार दिसला की कळतं. तिथं जैनी घाला, मोदक नावाचा फाँट घाला, काही घाला. पण तारीख, वेळ, स्थळ, कोणाचं कीर्तन कोणत्या दिवशी आणि पंगत कोणाकडून हे माणूस बोट ठेवून शोधतो. तिथं साधा फाँट हवा. 'मुक्त' नावाचा फाँट घ्या, त्यात अगदी बारीकपासून जाडजूडपर्यंत सात वजनं मिळतात. एकाच फाँटमध्ये नावं ठळक आणि वेळा साध्या करता येतात. आणि अन्नदात्यांच्या यादीत स्वतःचं नाव प्रत्येक जण शोधतोच. ते सापडलं नाही तर भांडण तुमच्या दारात येतं, फाँट करणाऱ्याच्या नाही.

आकड्यांबद्दल माझा हट्टच आहे. वेळ नेहमी 'सकाळी ९' अशी, आणि आकडा शेजारच्या अक्षरापेक्षा दीड पॉइंट मोठा. देवनागरीत १ आणि ९ भाऊभाऊ आहेत, शाई थोडी पसरली की जुळे होतात. गडद कार्डावर सोनेरी किंवा चंदेरी शाई असेल तर भरीव अक्षर बारीक आकारात वापरूच नका. ज्या फाँटच्या अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा मुळातच कमी, तो लहान केला की आधी ती जागा बुजते. तुमच्या जैनीचं दुखणं तेच. २४ पॉइंटच्या खाली मी तरी तो उतरवणार नाही.

आता मशीनच्या भानगडी. जैनी युनिकोड, म्हणजे आजच्या सर्वमान्य संगणकी पद्धतीचा फाँट आहे. गावोगावच्या दुकानात अजून जुनं पेजमेकर, जुनं कोरल आणि युनिकोडच्या आधीचे श्रीलिपीचे फाँट चालतात. पेजमेकरला युनिकोड कळतच नाही. जुन्या कोरलमध्ये टाकलं की जोडाक्षरं सुटतात, पाय मोडलेली अक्षरं रांगेत उभी राहतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडं जाऊन बसते. जुन्या फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमधला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडल्याशिवाय तोच तमाशा. म्हणून दुकानात फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे त्यांची चित्रं करून द्यायचे. दुकानातल्या पोराकडं तुमचा फाँट नसतो, आणि नसला की मशीन गुपचूप दुसराच लावतं.

अजून एक राहिलं. फ्लेक्सवाले अक्षर आडवं ताणतात. नाव लांब दिसावं, बॅनर भरावा म्हणून. ताणलं की उभे दंड जाड होतात आणि शिरोरेषा आहे तेवढीच राहते, सगळं वळण बिघडतं. वर तीन-तीन आउटलाइन आणि सावली. सुलेखनाच्या फाँटचा जीव जाड-बारीक रेषेत असतो. त्याला आउटलाइन मारली की तो गेलाच.

गोदाकाठ

वाचनखूण साठवली. आमच्या पैठणला तर दुकानाच्या पाट्यांवर हल्ली इतका मोदक दिसतो की पंक्चरच्या दुकानालाही उकडीचा वास येतो.

पेंटरचा_पोरगा

मोदक हे नाव वाचून हसलो, पण तो फाँट वाईट नाही. एक टाइपचाच आहे. अक्षरं इतकी फुगलेली की आतली जागा जेमतेम चिरेएवढी उरते. मुलांच्या वस्तू, मिठाई, गणपतीचं मंडळ इथं मस्त दिसतो. दवाखान्यावर नको.

मी परभणीचा. वडील पेंटर होते. ग्रामपंचायतीच्या भिंती, ट्रकच्या पाठी, शाळांचे सुविचार सगळं त्यांच्या हातचं. भिंतीवर आधी निळीत भिजवलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि मधे टिचकी मारायची. शिरोरेषेची सरळ रेघ उमटते. मग खडूनं अक्षरांची आखणी, मग ब्रश. पहिला शब्द भरला की वडील ब्रश डब्यात टाकून रस्ता ओलांडून पलीकडं जायचे. तिथून बघायचे. अर्ध्या वेळा येऊन पुसायचे. एकदा मी एका पतसंस्थेच्या पाटीला झोकदार शेपट्या काढल्या होत्या. ते पलीकडून ओरडले, "आरं अक्षर वाचायला असतंय का मिशीसारखं पिळायला?"

तेव्हा कमानीचा पहिला नियम: घरी प्रिंट काढून टेबलावर बघू नका. एक अक्षर खऱ्या आकारात कागदावर काढा, कमानीच्या जागी चिकटवा आणि जिथून एसटी वळते तिथं जाऊन उभे राहा.

दुसरं स्टीलबद्दल, कारण आता मी तेच काम करतो. देवनागरीला ह्या कामात एक फायदा आहे जो इंग्रजीला नाही. शिरोरेषेमुळं अख्खा शब्द एकाच तुकड्यात कापता येतो, बसवायला सोपा आणि मजबूत. पण कापायच्या आधी कॉम्प्युटरवर सगळी अक्षरं वेल्ड करून, म्हणजे एकमेकांत जोडून एक आकार करून घ्यायची. फाँटमध्ये शिरोरेषा सलग दिसते, प्रत्यक्षात प्रत्येक अक्षराची आपापली असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. वेल्ड केलं नाही तर मशीन प्रत्येक सांध्यावर पातं चालवतं. विनाइलच्या पाट्यांवर शिरोरेषेला ठिकठिकाणी उभ्या चिरा दिसतात ना, त्या ह्याच.

आणि अनुस्वार! तो सुटा तुकडा. त्याला स्वतंत्र खिळ बसवावी लागते आणि कामगार ती चिकटवून मोकळे होतात. एका ठिकाणी पहिल्याच पावसाळ्यात 'मंदिर'वरचा टिंब पडला. 'मदिर' राहिलं. पुढं एक काना कुणी खडूनं जोडला ते सांगत नाही.

तिरकस

खडूवाल्याला दंडवत _/\_

जुना_जुळारी

मी नांदेडचा, वय सत्तरीपार. आयुष्याची पंचवीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवण्यात गेली. त्यामुळं थोडं लांबेल.

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता, कारण शोभेचे खिळे होतेच किती? छापखान्यात मजकुराच्या साध्या खिळ्यांच्या केसेस, म्हणजे खणांच्या पेट्या, भिंतभर. शोभेच्या मोठ्या टाइपाची केस एकच, तीही अपुरी. भिंतीवरच्या जाहिरातीसाठी काही लाकडी टाइप होते, त्यांच्या कडा उंदरानं कुरतडल्यागत झिजलेल्या. आमच्या शोभेच्या केसमध्ये 'ळ' नव्हता. आला तेव्हापासून नव्हता. त्यामुळं गिऱ्हाइकाचं आडनाव काळे असो की माळी, त्याला साध्या टाइपात यावं लागे. 'र' तीनच होते. एका ओळीत चौथा 'र' आला की मालक शब्दच बदलायला लावायचे. म्हणजे तुम्ही ज्याला नियम म्हणताय तो आम्हाला दारिद्र्यानं शिकवला. शोभेचं अक्षर मथळ्यात एकदाच, बाकी सगळं साध्यात.

ट्रेडल छपाई यंत्रावर लग्नपत्रिका छापताना 'शुभविवाह' हा शब्द तर जुळवायचोच नाही. त्याचा जस्ताचा ब्लॉक तयार असायचा, गणपतीच्या ब्लॉकशेजारीच ठेवलेला. कुणीतरी चित्रकारानं हातानं काढलेली अक्षरं होती ती. म्हणजे जे बघायचं ते चित्र आणि जे वाचायचं ते खिळे. वर ताईंनी तेच सांगितलं, त्यांच्या भाषेत.

साध्या खिळ्यांबद्दलही सांगतो, कारण 'साधं' म्हणताना तुम्ही लोक नाक मुरडता. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या पोथ्या जुन्या घरात असतील तर काढून बघा. त्या अक्षरातही बोरूचं वळण आहे, जाड-बारीक आहे. पण ते मिरवत नाही, म्हणून शंभर पानं वाचली तरी डोळा शिणत नाही.

रोशनगेट

छत्रपती संभाजीनगरहून. जुने जुळारी काकांना सलाम.

पण मी थोडा विरोध नोंदवतो. 'शोभेचं' आणि 'वाचायचं' ही भिंत इतकी पक्की आहे का? आमच्या घरात उर्दू पेपर यायचा. नस्तालीक लिपी, प्रत्येक शब्द उजवीकडून डावीकडं उतरत जातो, जणू झोपाळा. न वाचणाऱ्याला ती निव्वळ नक्षी वाटते. माझी दादी मात्र त्यातल्या लहान जाहिरातीसुद्धा चष्म्याशिवाय वाचायची. ही लिपी खिळ्यात बसवणं इतकं अवघड की उर्दू पेपर कित्येक दशकं कातिब, म्हणजे सुंदर अक्षराचे लेखनिक, हातानं लिहायचे आणि मग ते दगडावरून, पुढं ऑफसेटवर छापायचे. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक हा फाँट कॉम्प्युटरवर आला तेव्हा कुठं कातिबांची कलम खाली ठेवली गेली. निजामाच्या काळात, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, आपल्या मराठवाड्याची सरकारी कागदपत्रं ह्याच वळणात होती. कचेरीतल्या माणसाला ती शोभा नव्हती, रोजची भाकरी होती.

मग १५०३ सालच्या त्या लेखकूलाही आपलं अक्षर शोभेचं वाटलं नसणार. तो सरळ ग्रंथ लिहीत होता. बदललंय ते आपल्या डोळ्यांचं वळण.

अर्धचंद्र

रोशनगेट, मुद्दा आवडला, पण अर्धाच पटला. कल्पसूत्राचं पान आडवं, त्यावर मोजक्या ओळी, अक्षर मोठं. ताडपत्राच्या काळात दोरा ओवायला मधे भोक असायचं. कागद आला तरी ती मधली जागा सवयीनं मोकळी सोडत. आणि पर्युषणात साधू ते मोठ्यानं वाचणार, बाकीचे ऐकणार. एका पत्रिकेत साठ नावं कोंबायची वेळ त्या लेखकूवर आली नव्हती. तेव्हा डोळ्यांच्या सवयीइतकाच आकार आणि मोकळ्या जागेचाही प्रश्न आहे.

मी मूळची हिंगोलीची, सध्या पुण्यात अक्षरांचंच काम करते. दोन-तीन गोष्टी भर घालते.

एक, जैनीचे दोन प्रकार आहेत हे कुणी लिहिलं नाही. नुसता 'जैनी' आणि 'जैनी पूर्व'. पूर्वमध्ये पोथीतली जुनी वळणं ठेवली आहेत, नुसत्या जैनीत अक्षरं आजच्या वाचकाच्या ओळखीची केली आहेत. पत्रिकेला, पाटीला नुसता जैनीच घ्या. पूर्व हा एखाद्या ग्रंथाच्या मुखपृष्ठाला, संग्रहालयाच्या फलकाला, तेही एका शब्दापुरता. त्यात 'जेवणाची वेळ' लिहिली तर आत्या फक्त विचारून थांबणार नाहीत.

दोन, कुठलाही शोभेचा फाँट मराठीसाठी घेताना आधी ही ओळ टाइप करून बघा:

वारकऱ्यांना, मृदंगाचार्यांना, कुऱ्हाड, श्रद्धाळू, ज्ञानेश्वरी, उद्घाटन, हृदय, वाङ्मय, ॲड.

पहिले दोन शब्द मुद्दाम शेजारी ठेवलेत. सप्ताहाच्या पत्रिकेत दोन्ही येतातच. वारकऱ्यांमधला र अर्धा, पापणीसारखा दिसायला हवा. आचार्यांमधला र रफार होऊन डोक्यावर जायला हवा. फाँट करणारा हिंदीच्या अंगानं गेला असेल तर पहिल्याचं 'वारकर्यांना' होतं, आणि मग उच्चारच बदलतो. वारकरी आयुष्यभर वारी करतो आणि आपण त्याचा र चुकवतो!

मग ल आणि श बघा. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. हिंदी वळणाचा दंडाचा ल मथळ्यात मोठा झाला की मराठी डोळ्याला खडा लागल्यासारखं होतं. तिरो देवनागरी ह्या फाँटच्या तर हिंदी, मराठी, संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्या आहेत. स्मरणिकेच्या मजकुराला त्यातली मराठी घ्या. जैनीच्या मथळ्याखाली ती शोभते, कारण तिच्यातही लेखणीचं जाड-बारीक आहे.

तीन, फाँट आणि हातानं काढलेलं अक्षर ह्यांत फरक करा. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी अक्षरं काढली ती त्या त्या नावापुरती. एकाच नावात दोन 'र' आले तर दोन्ही वेगळे काढता येतात. फाँटमध्ये 'र' एकच. त्याला झोकदार शेपटी असेल तर 'राजाराम' लिहिल्यावर तीच शेपटी दोनदा, त्याच कोनात. दुसऱ्या शेपटीला जादू संपते. म्हणून शेपट्यावाला फाँट छोट्या शब्दाला. जैनीला शेपट्या नाहीत, म्हणून तो तीन-चार शब्द सहज पेलतो.

आणि अवांतर: विंडोजमधला तो बिनचेहऱ्याचा मंगल फाँट ज्यांना कंटाळवाणा वाटतो त्यांच्यासाठी. तो र. कृ. जोशींनी केलाय. आपल्याकडच्या फार मोठ्या सुलेखनकारांपैकी एक.

मोडीवेडा

सगळे नागरीवर घसरलेत म्हणून बोलतो. बोरूबहाद्दर, नाव बोरूचं आणि मोडीचा उल्लेख नाही? परंपरा मोडीचं श्रेय हेमाडपंताला देते, म्हणजे आपल्या देवगिरीच्या यादवांच्या प्रधानाला. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं टांगत जायची. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे. कमानीवर एक ओळ मोडीत घ्याच.

तिरकस

आणि ती वाचायला तुम्ही कमानीखाली रोज बसणार का?

मोडीवेडा

बसेन. चहा पाठवा.

पेंटरचा_पोरगा

अर्धचंद्र ताई, एक विचारतो. वडील म्हणायचे इंग्रजी कटनिबनं मराठी लिहू नकोस, जाडी उलटी पडते. हे खरं का?

अर्धचंद्र

अगदी खरं. इंग्रजीच्या तिरप्या निबाची जाड रेघ वरून डावीकडून खाली उजवीकडं येते. देवनागरीची बरोबर उलट, खालून डावीकडून वर उजवीकडं जाणारी रेघ जाड. म्हणून बोरूचं टोक कापताना उतार उलटा घेतात. यात्रा वन नावाचा फाँट आहे, मुंबईच्या लोकलच्या स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला. त्यात गंमत म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच देवनागरीच्या ब्रशचा कोन दिलाय. वडिलांना दाखवायला हवा होता. गावातल्या हॉटेलला, रसवंतीला, किराणा दुकानाला तो फार छान बसतो. लांबून वाचता येतो आणि छापील वाटत नाही.

बोरूबहाद्दर

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! काल रात्री ती ओळ टाइप करून प्रत्येक शब्द मोठा करून बघितला. मग पेंटरचा_पोरगा ह्यांच्या म्हणण्याप्रमाणं 'श्री' एवढंच अक्षर दीड फूट उंचीचं चार कागद जोडून छापलं, कमानीच्या खांबाला चिकटवलं आणि वळणावर जाऊन उभा राहिलो. दिसलं. मग गावाचं नाव तसंच लावून बघितलं. लांबून काळा पट्टा.

म्हणून सरपंचांसमोर असं मांडलं: वरच्या कमानीत देवाचं नाव जैनीत, खाली गावाचं नाव साध्या जाड अक्षरात. सरपंच म्हणाले दोन्ही सारखंच घ्या, नाहीतर लोक म्हणतील पैसे संपले.

कंट्रोल_झेड

सरपंचांना सांगा, घरातल्या देवाला भरजरी वस्त्र असतं, घराच्या क्रमांकाला नसतं.

रोशनगेट

मी उलट सुचवतो. गावाचं नाव जैनीत, देवाचं साध्यात. बाहेरचा माणूस हल्ली मोबाइलवर नकाशा बघत येतो, त्याला पाटी लागतेच कुठं?

पेंटरचा_पोरगा

रोशनगेट भाऊ, आमच्याकडं नकाशा तिठ्यावर येऊन बंद पडतो. पाटी लागते.

गोदाकाठ

विषय अंबाजोगाईचा आणि तिथल्या संत दासोपंतांची पासोडी कुणालाच आठवली नाही? पंचीकरण हा ग्रंथ लिहिला तो कागदावर नाही, सरळ लांबच लांब कापडावर. आपल्याकडं फ्लेक्स चारशे वर्षांपूर्वीच आला होता म्हणायचा. फक्त त्यावर शुभेच्छुकांचे फोटो नव्हते.

बोरूबहाद्दर

आठवली होती, पण ज्या माणसानं १ आणि ९ चा घोटाळा केला त्यानं पासोडीचं नाव घ्यायची हिंमत कशी करावी!

बोरूबहाद्दर

(अकरा महिन्यांनी) धागा वर काढतोय. हिशेब द्यायचा राहिला होता.

कमान झाली. सरपंचांनी ऐकलं, पण कारण वेगळंच. साध्या अक्षराचं स्टील स्वस्त पडलं. वर जैनीत देवाचं नाव, वेल्ड करून एका तुकड्यात. अनुस्वार सुटा लावला नाही, मागं पत्रा घेऊन त्यावर शब्द आणि टिंब एकत्र बसवले. एक पावसाळा काढलाय, टिंब जागेवर आहे. रोज जाता-येता मान वर होते.

फ्लेक्स केला त्यात वरचे तीन शब्द जैनीत, बाकी मुक्त. फाइल कर्व्ह करून दिली तरी दुकानातल्या पोरानं ती आडवी ताणलीच. 'मोकळं दिसत होतं ना' म्हणाला. पुन्हा छापून घेतला.

यंदाच्या पत्रिकेत कार्ड पांढरं, शाई एकच, गडद लाल. 'अखंड हरिनाम सप्ताह' आणि 'वर्ष ५० वे' जैनीत, बाकी सगळं साधं. व्हॉट्सॲपवर फोटो न टाकता पीडीएफ टाकली, नाहीतर दहा हात फिरून बारीक रेषा पुसट होतात. आत्यानं घेतली आणि थेट बोट ठेवलं. "एकादशीला फराळ, दुसऱ्या दिशी पुरनपोळी." म्हणजे सापडलं.

शेजारच्या वाडीत पत्रिका मी स्वतः घेऊन गेलो. विणेकरीबाबांनी चष्मा लावला, काल्याच्या ओळीवर आले आणि मला म्हणाले, "तूच वाच. मोठ्यानं." वाचलं. सकाळी नऊ.

तिरकस

पंगत पुन्हा बसवावी लागली नाही हे गावाचं नुकसानच.

कंट्रोल_झेड

छान झालं दादा. स्मरणिकेचं काय? एकच सांगून ठेवते. लेखाच्या सुरुवातीला पहिलं अक्षर मोठं जैनीत घेणार असाल, तर अख्खं अक्षर मोठं करा. 'ज्ञानेश्वर' असेल तर 'ज्ञा' मोठं, नुसता 'ज्ञ' मोठा आणि काना खाली बारीक असं नको. सॉफ्टवेअर तेवढंच तोडतं. आणि मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला लावून घ्या, सहज विसरतं.

बोरूबहाद्दर

तिसऱ्या लेखात नेमकं तसंच झालंय, 'श्रीं'मधली वेलांटी खाली उरलीय. आत्ता बघितलं. प्रूफ उद्या सकाळी जाणार होतं. सकाळी म्हणजे ९ वाजता.